थोडं श्रेय भक्ष्यालाही द्या

पिकांवरच्या किडी खाणाऱ्या मित्रकीटकांवर बोलायचं म्हटलं की कॅलिफोर्नियातल्या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) गोष्ट येतेच. तुम्हाला ती पाठ असेल, तरी ऐकून घ्या. खवले किडीनं तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कीड मूळची ऑस्ट्रेलियातली, तेव्हा तिचा शत्रूही तिथंच शोधायला हवा. पण सरकारी कीटकतज्ज्ञांच्या परदेशवारीच्या खर्चाला नेमकी बंदी! (हसलात ते खात्यातले दिसता.) मग मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या खात्यातून पैसे काढून १८८८ साली कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियाला रवाना झाले. खरी आशा एका माशीवर होती. सोबत पाठवलेल्या १२९ रोडोलिया ढालकिड्यांनी मात्र बाजी मारली. लॉस एंजेलिसमधल्या एका किडक्या झाडावर तंबू ताणून त्यांना आत सोडलं, आणि १८८९ संपेपर्यंत कीड आटोक्यात आली.

माझं दुखणं पुढेच आहे. सगळा जयजयकार रोडोलियाचा. खवले किडीला कुणी विचारत नाही. अहो, ती ढालकिड्याच्या अळीला मानवली, तीच खाऊन माद्यांनी अंडी घातली, म्हणून १२९चे हजारो झाले! आपण मात्र पोस्टरवर छापतो, 'एक ढालकिडा दिवसाला इतका मावा (पिकाचा रस शोषणारी कीड) खातो.' जेवणाच्या पैजेत जिलब्या मोजाव्यात तसं. खाल्लेलं अंगी लागलं का? भक्ष्य निकस असेल तर भर काढायला अळी उलट जास्तच खाऊ शकते. म्हणजे आकडा फुगलेला आणि अळी खुरटलेली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलंत, कुठलं भक्ष्य शिकारी कीटकाला मानवतं, तो आता धावतपळत.

कीटकतज्ज्ञ इव्हो होडेक यांनी एक भेद ठासून मांडला: काही भक्ष्यावर शिकारी वाढतो आणि अंडीही घालतो, काहींवर नुसता तगून राहतो. खाल्लं म्हणजे मानवलं, असं नाही. काळ्या मोहरीवरचा कोबीचा मावा घ्या. तो झाडातली ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं अंगात साठवतो आणि ती फोडणारं विकर (एन्झाइम) स्वतःच तयार करून वेगळं ठेवतो. अळीनं चावा घेतला की दोन्ही एकत्र येतात आणि मोहरीचं झोंबरं विष तिच्या तोंडात. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याची कोवळी अळी त्यावर जगत नाही. सात ठिपक्यांची जगते, पण रखडत वाढते. त्याच मोहरीवरचा हिरवा पीच मावा मात्र दोन ठिपक्यांवालीला चालतो! झाड एक, मावे दोन. तेव्हा शिफारशीत नुसता 'मावा' लिहून भागत नाही. कुठला, कुठल्या पिकावरचा, तेही हवं.

मित्रकीटक वाढवणाऱ्यांसाठी एवढंच: धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर क्रायसोपर्ला (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) झकास वाढते, पण त्यावरून शेतातला हिशेब मांडू नका. किती अळ्या कोषात गेल्या, माद्यांनी किती अंडी घातली, ते शेतातल्या भक्ष्यावर मोजा. आणि हो, क्रायसोपर्लाची अळीच काय ती शिकारी. प्रौढ जगतं मकरंदावर, परागावर, माव्याच्या चिकट्यावर. बांधावरची सगळी फुलं उपटलीत, तर अंडी घालायला ते थांबेल कशाला? घंटा झाली. थांबतो.