पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं

(दृश्य : डॉग फूडच्या पाकिटाची पुढची बाजू. हात पाकीट उलटं करतो.)

निवेदन :
पुढच्या बाजूला काय असतं ते आपल्याला पाठ आहे. तुकतुकीत केसांचा कुत्रा, मांसाचा ताजा तुकडा, दोन-चार रंगीत फळं आणि ठळक अक्षरात 'प्रीमियम'. या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे तो कुणीही छापू शकतं. आपल्या कामाचा मजकूर मागच्या बाजूला आहे, डोळे बारीक करून वाचावा लागेल इतक्या लहान टायपात.

तो वाचायलाच हवा. माणसाच्या एका जेवणात जे कमी पडतं ते दुसऱ्या जेवणात भरून निघतं. पाळलेला कुत्रा मात्र दोन्ही वेळा, महिनोन्‌महिने, एकाच पिशवीतलं खातो. त्यात एखादं जीवनसत्त्व कमी असेल तर ते रोज कमी पडणार, जास्त असेल तर रोज जास्त होणार. आणि काय खायचं हे तो ठरवत नाही, आपण ठरवतो.

(दृश्य : घटकांची यादी, अगदी जवळून.)

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. म्हणून 'पहिला घटक मांस आहे ना, मग झालं' असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. हे वजन कच्च्या मालाचं असतं, म्हणजे मिश्रणात पडतानाचं, पाण्यासकट.

गणित करून बघू. समजा शंभर किलो मिश्रणात तीस किलो ताजं चिकन आहे आणि पंचवीस किलो मका. यादीत चिकन पहिलं, मका दुसरा. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. मिश्रण शिजून, वाळून दाणे तयार होईपर्यंत हे पाणी उडून जातं आणि त्या तीस किलोंमधून उरतात जेमतेम नऊ किलो. मका आधीच कोरडा, त्याचे पंचवीसचे बावीस किलो तरी राहतात. तुमच्या कुत्र्याच्या भांड्यात पडणाऱ्या दाण्यांत मका चिकनच्या दुपटीहून जास्त आहे, आणि यादी तरीही खरी आहे. तिच्यात एका शब्दाचंही खोटं नाही.

आता त्याच यादीत 'चिकन मील' असं लिहिलेलं दिसलं तर पुष्कळ लोक नाक मुरडतात. भुकटी म्हणजे हलका माल, असा समज. पण मील म्हणजे मांस, कातडी आणि हाडं शिजवून, पाणी आणि बरीचशी चरबी काढून केलेली पूड. तिच्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनं ६५ टक्क्यांच्या घरात असतात. यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी असलेलं चिकन मील पहिल्या जागेवरच्या ताज्या चिकनपेक्षा जास्त प्रथिनं देऊन जाऊ शकतं. एक मात्र खरं, की मील चांगलं की हाडांचंच जास्त, हे लेबल सांगत नाही.

दुसरी युक्ती अधिक चलाख आहे. यादी अशी असते : चिकन, वाटाणे, वाटाण्याचं प्रोटीन, तांदूळ, वाटाण्याचं स्टार्च, वाटाण्याचा कोंडा. एकच वाटाणा चार नावांनी विभागला, की प्रत्येक तुकड्याचं वजन चिकनपेक्षा कमी भरतं आणि चिकन डोक्यावर बसतं. चारही एकत्र केले तर पहिला नंबर वाटाण्याचा लागेल. मक्याचंही असंच करता येतं : मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन (म्हणजे धान्यातून वेगळं काढलेलं प्रथिन). वाचताना एकाच धान्याची किंवा कडधान्याची सगळी रूपं बोटांवर मोजा आणि मनातल्या मनात एका जागी आणा.

यादीत मीठ कुठे आहे, तेही शोधा. मीठ बहुधा एक टक्का किंवा त्याहून कमीच घातलेलं असतं. मग मिठाच्या खाली जे जे आहे ते त्याहूनही कमी. पुढच्या बाजूवरची ती रंगीत फळं बहुतेक वेळा मिठाच्या खालीच सापडतात.

(दृश्य : कारखान्यातलं यंत्र. जाळीतून बाहेर पडणारा लगदा, फिरतं पातं, दाण्यांचा ढीग.)

यादीचं शेपूट बघून घाबरणारेही खूप. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड, कॅल्शियम पॅन्टोथिनेट, झिंक प्रोटिनेट. 'केवढी ही केमिकल्स!' ही पहिली प्रतिक्रिया. पण ही बी-६ आणि बी-५ ही जीवनसत्त्वं आहेत आणि शेवटचं जस्त. ती का घालावी लागतात, ते या यंत्रात दिसतं. लगदा वाफेने आणि दाबाने शंभर अंशांच्या वर तापतो, जाळीतून बाहेर पडताना दाब सुटून फुगतो, आणि पातं त्याचे दाणे कापतं. या उष्णतेत काही जीवनसत्त्वं नष्ट होतात, म्हणून ती आधीच जास्तीची घातलेली असतात. दाणे वाळले की फिरत्या पिंपात जातात आणि तिथे त्यांच्यावर चरबीचा आणि विकरांनी (एन्झाइमांनी) पचवलेल्या यकृताच्या अर्काचा फवारा मारला जातो. पिशवी उघडल्यावर कुत्रा धावत येतो तो या लेपाच्या वासाने. त्याला आवडलं, यावरून आतल्या दाण्याची प्रत कळत नाही.

लाल-हिरव्या दाण्यांबद्दल एवढंच : कुत्र्याला रंग दिसतात ते मुख्यतः निळे आणि पिवळे. तो लाल रंग विकत घेणाऱ्यासाठी आहे.

(दृश्य : चार पाकिटांची नावं, एकाखाली एक.)

नावातही हिशेब दडलेला असतो. अमेरिकेत आफको नावाची, खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संस्था नमुना नियम करते आणि बहुतेक राज्यं ते स्वीकारतात. त्या नियमांनुसार नुसतं 'चिकन डॉग फूड' म्हणायचं तर, प्रक्रियेसाठी घातलेलं पाणी सोडून, ९५ टक्के चिकन हवं. नावापुढे 'डिनर' किंवा 'रेसिपी' असा शब्द लावला की २५ टक्क्यांवर भागतं. 'विथ चिकन' म्हटलं की फक्त ३ टक्के. आणि 'चिकन फ्लेवर' असेल तर टक्केवारीची अटच नाही, चव ओळखू आली म्हणजे पुरे. युरोपात 'विथ चिकन'साठी किमान ४ टक्के लागतात. एका शब्दाच्या फरकाने ९५ चे ३ होतात, आणि पाकिटावरचं कोंबडीचं चित्र दोन्हीकडे सारखंच दिमाखदार असू शकतं.

आता 'बायप्रॉडक्ट', म्हणजे स्नायूच्या मांसाखेरीज जनावराचे इतर भाग. या शब्दावर इतका राग काढला गेलाय, की मला तो अन्यायच वाटतो. यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, फुप्फुस हे सगळं बायप्रॉडक्टमध्येच येतं. केस, शिंगं, खूर, दात यांना त्यात परवानगी नाही. यकृतात जीवनसत्त्व 'अ', लोह आणि तांबं नुसत्या स्नायूच्या मांसापेक्षा कितीतरी जास्त असतं. माझी खरी हरकत बेनामी घटकांना आहे. 'चिकन बायप्रॉडक्ट' म्हटलं तर प्राणी कळतो. 'मांस मील', 'प्राणिज चरबी' एवढंच म्हटलं तर कुठला प्राणी ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला तो बदलूही शकतो. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला असं पाकीट देताच येत नाही.

ॲलर्जीचा विषय निघालाच आहे, तर धान्याबद्दलही बोलू. कुत्र्याला धान्य सोसत नाही, हे इतक्या वेळा सांगितलं गेलं की ते खरंच वाटायला लागलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अन्नामुळे त्वचेचा त्रास झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. सगळ्यात वर होतं गोमांस, ३४ टक्के. मग दुग्धजन्य पदार्थ, मग चिकन, आणि त्यानंतर गहू, १३ टक्के. त्याआधी २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या सोबतीत राहून कुत्रा शिजवलेलं धान्य पचवायला शिकला, आणि ते त्याच्या जनुकांत लिहिलं गेलं.

पण 'ग्रेन-फ्री'ची लाट आली आणि धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा आला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, जाहीर केलं, की अशा खाद्यांवर वाढलेल्या कुत्र्यांमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय मोठं होण्याच्या तक्रारी येत आहेत आणि त्यांची चौकशी सुरू आहे. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरी पहिल्या पाच-सहा घटकांत कडधान्यांची तीन-तीन रूपं असलेलं खाद्य, पशुवैद्याशी बोलल्याशिवाय मी कुणालाही सुचवणार नाही.

(दृश्य : लेबलावरचा आकड्यांचा तक्ता. शेजारी कागदावर हिशेब.)

यादीच्या बाजूला छोटा तक्ता असतो : प्रथिनं किमान इतकी, चरबी किमान इतकी, तंतू आणि ओलावा कमाल इतका. डबाबंद ओलं खाद्य आणि कोरडे दाणे यांची तुलना करताना इथे घोटाळा होतो. डब्यावर प्रथिनं ८ टक्के, पिशवीवर २६. पिशवी सरस वाटते. पण डब्यात ७८ टक्के ओलावा आहे. उरलेल्या २२ टक्के कोरड्या भागातली ८ म्हणजे ३६ टक्के. पिशवीत ओलावा १०, म्हणून ९० मधली २६, म्हणजे २९ टक्के. डबा पुढे गेला. प्रत्येक वेळी आधी ओलावा वजा करायचा आणि मगच तुलना करायची.

कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतोच. तो काढावा लागतो. प्रथिनं २४, चरबी १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख, म्हणजे खनिजं, अंदाजे ७. बेरीज ५७. शंभरातून वजा केले की ४३ टक्के कर्बोदकं.

आणि प्रथिनांचा तो आकडा तरी येतो कुठून? १८८३ मध्ये योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. खाद्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, ही झाली 'क्रूड प्रोटीन'. चाचणी नायट्रोजन मोजते. तो चिकनमधून आला, पिसांतून आला की आणखी कशातून, हे तिला कळत नाही.

मार्च २००७ मध्ये याची भयंकर किंमत मोजावी लागली. उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ लागली. चीनमधून आलेल्या 'गव्हाच्या ग्लुटेन'मध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. प्लास्टिकच्या उद्योगातलं हे रसायन, वजनाने दोन-तृतीयांश नायट्रोजन. ते घातलं की चाचणीत प्रथिनं वाढलेली दिसतात. सोबत आलेल्या सायन्यूरिक ॲसिड या दुसऱ्या रसायनाशी त्याचे स्फटिक बनले आणि ते मूत्रपिंडांत अडकले. कित्येक जनावरं गेली. त्या सगळ्या डब्यांवर, पाकिटांवर लिहिलेलं होतं फक्त : गव्हाचं ग्लुटेन. कितीही बारकाईने वाचणाऱ्यालाही ते लेबलवरून कळलं नसतं.

(दृश्य : लेबलाच्या कोपऱ्यातलं एक वाक्य.)

म्हणून मी यादीच्या आधी कोपऱ्यातलं एक वाक्य शोधते. हे खाद्य 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे का, म्हणजे रोज फक्त तेच खाऊन भागेल का, आणि कुठल्या वयासाठी. आफकोच्या प्रमाणानुसार, कोरड्या वजनावर, प्रौढ कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लाला २२.५. पूर्ण वाढ झाल्यावर साधारण ३२ किलोंच्या वर जाणाऱ्या मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमवर वेगळी मर्यादा आहे, १.८ टक्के, कारण लहान पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. 'फक्त अधूनमधून देण्यासाठी' असं लिहिलेलं पाकीट रोजचं जेवण होऊच शकत नाही, त्यातलं मांस कितीही उत्तम असो.

तेच वाक्य सांगतं की खाद्य कागदावर जुळवलंय की कुत्र्यांना खाऊ घालून तपासलंय. ही खाऊ घालण्याची चाचणी फार मोठी नसते : प्रौढांसाठी किमान आठ कुत्रे, सव्वीस आठवडे. तरी ती झालेली असणं चांगलंच. आणि कुणी 'आफकोमान्य' म्हणून सांगितलं तर लक्षात ठेवा, ही संस्था कुठलंही खाद्य तपासत नाही, मान्यता तर देतच नाही.

जे लेबलवर मावत नाही ते कंपनीला विचारावं लागतं. पाकिटावर फोन नंबर किंवा ईमेल असतो. हे खाद्य कुणी तयार केलं, त्या माणसाचं पशुपोषणातलं शिक्षण काय? स्वतःच्या कारखान्यात बनतं का? आलेला कच्चा माल आणि तयार झालेली प्रत्येक खेप तपासली जाते का? एका कपात कॅलरी किती? चांगली कंपनी याची सरळ उत्तरं देते. जाहिरातीतलीच वाक्यं परत ऐकवली गेली तर ते पाकीट मी घेत नाही.

(दृश्य : पिशवीच्या कडेला छापलेला खेप क्रमांक.)

आणि दाणे डब्यात ओतून पिशवी टाकून देऊ नका. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या सुरुवातीला अमेरिकेत अनेक खाद्यं परत मागवली गेली, कारण त्यांत 'ड' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर पडलं होतं. कुत्र्यांना उलट्या, सतत तहान, वजन घटणं, आणि काहींची मूत्रपिंडं निकामी. घटकांच्या यादीत 'ड' जीवनसत्त्व नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच नावाने होतं. कुठली पिशवी धोक्याची ते फक्त तिच्यावरच्या खेप क्रमांकावरून कळत होतं. दाणे पिशवीसकटच डब्यात ठेवा, आणि संपेपर्यंत तो क्रमांक फाडू नका.