नेरूळच्या खोलीतील साधी मादी

नेरूळमधील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील या लहान खोलीत बॉल पायथन हा विदेशी अजगर पाळला जातो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील हा प्राणी घाबरला की डोके मध्ये दडवून अंगाचा घट्ट गोळा करतो, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले आहे. येथील संग्राहकाकडे अंगावर पांढरे पट्टे असलेला पाईड नर आहे आणि आज त्याच्यासाठी मादी निवडायची आहे.

समोर दोन माद्या आहेत. पहिली स्पायडर या रंगप्रकाराची, सोनेरी अंगावर जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा असलेली, म्हणून नजर तिच्याकडेच जाते. मात्र हातावरून पुढे सरकताना तिची मान कलते आणि डोके हेलकावे खाते. स्पायडरचा रंग देणाऱ्या जनुकासोबतच हा दोष येतो. अशा अजगरांच्या अंतर्कर्णातील, तोल सांभाळणाऱ्या भागाची रचनाच बिघडलेली असल्याचे आढळले आहे. निवडक पैदाशीने तो घालवता येत नाही, आणि ज्या रंगाची किंमत पिलाला जन्मभर डळमळून मोजावी लागते, तो रंग वाढवू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

दुसरी मादी दिसायला अगदी साधी आहे, पण तिचा बाप पाईड असल्याची छायाचित्रासह नोंद आहे. पाईड हा गुण अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा असल्यामुळे तो तिच्या रंगात दिसत नाही, तरी तिच्यात तो नक्कीच आहे. या नराशी जोडी जमल्यास प्रत्येक अंड्यातून पाईड पिलू निघण्याची शक्यता निम्मी असते. हीच मादी साध्या दिसणाऱ्या पण अंगात हा गुण लपलेल्या दोन वाहकांचे पिल्लू असती, तर ती स्वतः वाहक असण्याची शक्यता सुमारे 66 टक्केच राहिली असती.

संग्राहक तिच्या हनुवटीखालच्या खवल्यांवरून पांढरा कागदी रुमाल फिरवतो आणि उजेडात धरतो. मिऱ्याच्या चुऱ्यासारखे काळे ठिपके दिसले असते तर ते माइट, म्हणजे सापाचे रक्त शोषणारे सूक्ष्म परजीवी, ठरले असते. रुमाल स्वच्छ आहे. नाकपुड्या कोरड्या आहेत, श्वासाला शिट्टीसारखा आवाज नाही, आणि तिच्या खाण्याच्या नोंदवहीत सलग दहा भक्ष्यांची नोंद आहे. महिनोन्‌महिने उपाशी राहण्याची सवय असलेल्या या प्राण्यात ही नोंद फार मोलाची असते.

येऊरच्या जंगलात आढळणारा भारतीय अजगर पाळता येत नाही; बॉल पायथन मात्र वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतो, त्यामुळे त्याचा ताबा, हस्तांतर आणि पिलांचा जन्म यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

काट्यावर तिचे वजन 640 ग्रॅम भरते. मादी साधारण 1,500 ग्रॅमची आणि तीन वर्षांची होईपर्यंत तिची जोडी लावायची नाही, म्हणजे अजून बराच काळ थांबावे लागेल. तोवर, एखादा छुपा आजार इतरांना लागू नये म्हणून, पहिले 90 दिवस ती शेजारच्या खोलीत एकटीच राहील आणि तिच्या पेटीला हात लावण्यापूर्वी व नंतर संग्राहक हात धुईल.