टर्बो डिझेल मध्येच पिकअप सोडते? टर्बो बदलायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी, आजचा व्हिडिओ जरा लांब होणार आहे पण टर्बो डिझेल असेल तर पूर्ण बघा, कारण या एका तक्रारीवर लोकांचे फुकटचे खूप पैसे जातात.

तक्रार अशी की गाडी एरवी मस्त चालते, पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, खंबाटकीचा चढ लागला, पुढे लोडेड ट्रक, तुम्ही पाय दाबला आणि गाडी एकदम बसली. अडीच-तीन हजारच्या वर आरपीएमच जात नाही. बाजूला घेतली, किल्ली बंद केली, परत मारली, की जसं काही झालंच नव्हतं अशी पळायला लागते. आणि गॅरेजला नेली की तिथे गुणी बाळ! मेकॅनिक एक राउंड मारून येतो आणि म्हणतो काही नाही साहेब, डिझेल खराब भरलं असेल.

तर गाडीची पॉवर जाते कशी आणि परत येते कशी, हे नीट बघितलं ना, तर अर्धं काम तिथेच होतं. किल्लीने परत आली म्हणजे ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, मुद्दाम पॉवर कापलेली होती. त्याला काहीतरी न पटणारं दिसलं, त्याने इंजिन वाचवायला बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचं प्रेशर) आणि डिझेल दोन्ही कमी केलं, यालाच लिम्प मोड म्हणतात. याउलट गाडी झटक्यात न बसता हळूहळू ढिली पडत गेली, लांब चढावर किंवा एक्सप्रेसवेला शंभरच्या वर, आणि दहा मिनिटं थांबल्यावर आपोआप ठीक झाली, तर टर्बोकडे बघूच नका, आधी डिझेल पोचतंय का ते बघा. आणि खड्ड्यात आदळल्यावर किंवा पावसातच होत असेल तर वायरिंग, कनेक्टर. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात आणि रबरी नळ्या, वायरी कुरतडतात, हसू नका, बॉनेट उघडून लेंड्या दिसतायत का ते खरंच बघा.

आता स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र. पहिली विनंती, कोड क्लिअर करायची घाई कुणालाही करू देऊ नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेम सेव्ह असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, पाणी किती तापलेलं. बऱ्याच ठिकाणी स्कॅनर लावला की पहिलं बटण क्लिअरचं दाबतात आणि हा सगळा पुरावा गेला! आधी फोटो काढा मोबाईलवर.

आणि कोड म्हणजे एफआयआर आहे हो, निकाल नाही. पी ०२९९ आला म्हणजे बूस्ट कमी पडला एवढंच ईसीयू सांगतोय, टर्बो गेला असं तो कुठेच म्हणत नाहीये. पी ०२३४ म्हणजे उलटं, बूस्ट जास्त झाला. लोकांना हे पटत नाही की बूस्ट जास्त झाल्यामुळे पॉवर कशी जाईल, पण तसंच होतं, व्हीजीटी टर्बोमध्ये, म्हणजे ज्यात पात्या हलवून बूस्ट कमीजास्त होतो, या आतल्या पात्या काजळीने अडकतात, ईसीयू म्हणतो बास आता कमी कर, पात्या हलत नाहीत, प्रेशर वर जातं, आणि ईसीयू घाबरून पॉवर कापतो. रोज सिटीत दुसऱ्या गिअरला रांगणाऱ्या गाड्यांना हे जास्त. यात पात्या साफ करून काम होऊ शकतं, लगेच नवीन टर्बो कशाला.

एक सोपी टेस्ट सांगतो जी घरी होते. किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग बघा. हवेचं नुसतं प्रेशर दिसायला हवं, मुंबईत साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९५०च्या आसपास, महाबळेश्वरला ८६०-८७०. पुण्यात उभी गाडी ११०० दाखवत असेल तर सेन्सरच थापा मारतोय, पुढचं सगळं रीडिंग रद्द. आणि गाडी चालवताना २२०० दिसलं म्हणून दचकू नका, त्यात बाहेरची हवा धरलेली असते, टर्बोने वर घातलेलं बाराशेच्या आसपासच असतं.

मग खरी टेस्ट रोडवर. शेजारी एक माणूस बसवा, स्क्रीन त्याने बघायची, तुम्ही नाही, घाटात मोबाईल बघत गाडी चालवू नका प्लीज. तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबायचा आणि चार आकडे रेकॉर्ड करायचे, ईसीयूने मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर. रेल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना डिझेल पुरवणारा पाईप. ब्लूटूथवाल्या स्वस्त डोंगलवर मिळालेले आकडे बहुतेक दिसतात, मागितलेले बऱ्याच गाड्यांना दिसत नाहीत, त्याला चांगला स्कॅनर लागतो, पण त्याचे पैसे वसूल होतात. कुठली जोडी आधी फाटते तेवढं बघा. बूस्ट बरोबर आणि रेल मागितलं १४००, मिळालं ९०० बार, तर डिझेलची बाजू. रेल चिकटून चाललंय पण बूस्ट मागे राहिला तर हवेची बाजू.

आता हे बघा, कॅमेरा जरा जवळ घेतो. ही एका गाडीची व्हॅक्यूमची नळी, बुटाच्या लेसपेक्षा थोडी जाड. त्या मालकाला दुसरीकडे टर्बोचं पन्नास हजारांचं एस्टिमेट मिळालं होतं. इथे, ब्रॅकेटला घासून घासून ही जागा चकचकीत झालीये, आणि वाकवली की... दिसली चीर? सरळ धरली की बंद. गाडी उभी असताना ही नळी ठणठणीत, लोडवर इंजिन माउंटिंगवर झुकलं की चीर उघडणार, वरून गरम रबर मऊ पडणार, ॲक्चुएटरला (टर्बोच्या पात्या हलवणारा भाग) ओढ कमी, बूस्ट पडला, पी ०२९९, लिम्प मोड. गॅरेजमध्ये कधी सापडणार होतं हे! नळी बदलली, क्लॅम्प मारला, ब्रॅकेटपासून लांब बांधली, काम संपलं.

तुमच्या गाडीला व्हॅक्यूमवाला ॲक्चुएटर असेल तर इंजिन आयडलला ठेवून टर्बोशेजारची दांडी बघा, हात लावू नका, भाजेल. व्हीजीटीमध्ये ती खेचलेली असते, कुणालातरी इंजिन बंद करायला सांगा, दांडी साधारण एक सेंटीमीटर, न अडकता परत यायला हवी. अडकत, टप्प्याटप्प्याने आली तर पात्या किंवा जॉइंट जाम. मुळात खेचलीच गेली नसेल तर व्हॅक्यूम. ब्रेक पेडलही कडक लागत असेल तर व्हॅक्यूम पंपावरच संशय घ्या, दोघांना ओढ तोच देतो. इलेक्ट्रिक ॲक्चुएटर असेल तर ही टेस्ट लागू नाही, आणि छोट्या साध्या टर्बोला, उदाहरणार्थ ते १२४८ सीसीचं ७५ पीएसवालं इंजिन, त्यात पात्याच नसतात.

मोठे पाईप, म्हणजे टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) ते इंजिन, हे वरून बघून कळत नाहीत. पाईपची खालची बाजू चाचपायची, फट बहुतेक तिथेच असते. थोडं तेल ओलसर असणं नॉर्मल आहे, पण एकाच जागी काळी तेलकट रेघ बाहेर आली असेल तर हवा तिथूनच पळतेय. पाय दाबल्यावर फुस्स आवाज आणि मागे काळा धूर, ही जोडी आली की मी आधी पाईपच काढतो. काळा धूर ईजीआर (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला तरी येतो, पण तेव्हा फुस्स नसतं.

डिझेलच्या बाजूला पहिला फिल्टर, कधी बदलला आठवत नसेल तर बदला, वाद नको. आणि फिल्टर बदलल्यानंतरच प्रॉब्लेम सुरू झाला असेल तर ओ-रिंग नीट बसली नाही, हवा खेचतेय, पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघा. त्यानंतर टाकीतली जाळी, मग नोझलची रिटर्न टेस्ट, चार बाटल्या लावायच्या, एखादी भराभर भरली तर तो नोझल डिझेल परत सोडतोय आणि रेलला प्रेशर उरत नाहीये. पंप सगळ्यात शेवटी.

बीएस ६ गाड्यांचं, म्हणजे एप्रिल २०२०नंतरच्या, त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे, काजळीने भरला की तोही पॉवर कापतो, तो वेगळा व्हिडिओ करू. तोपर्यंत डीपीएफ काढून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

कमेंटमध्ये नुसतं 'पिकअप नाही' लिहू नका, त्यावरून मला काही कळत नाही. कोड, फ्रीझ फ्रेमचा फोटो, कुठल्या गिअरला, आणि किल्ली मारल्यावर जातं की थांबल्यावर, एवढं टाका.