रिपोर्ट एकट्यानं उघडायचा नाही

(दृश्य: सकाळचा परळ, जेरबाई वाडिया रोड, फुटपाथ)

सकाळचे साडेसहा वाजलेत. फुटपाथवर लोक जागे होतायत, कुणी चटई गुंडाळतंय, कुणी बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतंय, आणि बघा, प्रत्येकाजवळ एक फाईल आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, पिशवीला वरून गाठ मारलेली. पाऊस आला तर माणूस भिजेल पण फाईल भिजणार नाही.

समोर टाटा हॉस्पिटल. १९४१ पासून इथं आहे. सोलापूर, जळगाव, नांदेड, रत्नागिरी, पार बिहार-बंगालपासून लोक येतात आणि स्टेशनवर कुणी विचारलं कुठं चाललात, तर कुणी आजाराचं नाव घेत नाही. "टाटाला चाललोय," एवढंच. समोरच्याला कळतं.

ऑपरेशन, किमो, शेक (म्हणजे रेडिएशन) याबद्दल बरेच व्हिडिओ आहेत. आपण त्याच्या नंतरचं बघणार आहोत. म्हणजे सगळे म्हणतात ना "झालं एकदाचं, सुटलीस", तिथून पुढचं.

मी पण फाईलवालीच. २०१६, स्तनाचा कॅन्सर, डावी बाजू, ऑपरेशन, आठ किमो आणि १५ शेक. शेवटचा शेक झाला त्या दिवशी घरी पेढे आणले, सासूबाईंनी दृष्ट काढली आणि आठवड्याभरात सगळे आपापल्या कामाला लागले. ट्रीटमेंट चालू होती तेव्हा घर भरलेलं असायचं, शेजारून डबे यायचे, बहीण महिना महिना राहायची. आणि फाईलवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, तीन महिन्यांनी या. पहिल्या फॉलोअपला नवरा आला, दुसऱ्याला आला, पाचव्याला म्हणाला, "तू जाऊन ये ना, आता काय नुसतं चेकअपच तर आहे." मी त्याला दोष देत नाही, त्याच्या रजा संपल्या होत्या, नोकरी टिकवायची होती, माझ्या औषधांचेच पैसे त्यातून जायचे. पण ते "नुसतं" मला फार लागलं. कारण तारीख जवळ आली की काय होतं ते ज्याला होतं त्यालाच कळतं. पाठ दुखली की हाडात गेलाय, खोकला आला की फुफ्फुसात, डोकं दुखलं की आता मेंदूत. रात्री झोप नाही. मुलाचं लग्न बघायला असेन का, इथपर्यंत विचार जातात, मुलगा तेव्हा सातवीत होता.

आणि हे एकदाचं नसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिने ते वर्षानं, पुढं वर्षातून एकदा. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, दरवर्षी. ज्यांना रोजची गोळी लिहून देतात त्यांना ती पाच वर्षं, काहींना दहा. म्हणजे दुखणं वर्षभराचं आणि त्याच्यामागं फिरणं दहा वर्षांचं.

(दृश्य: ओपीडीबाहेरचा बाक)

मावशी मला अशाच एका बाकावर भेटल्या. बार्शी तालुक्यातल्या. लातूर एक्सप्रेसमध्ये रात्री बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, असं त्यांचं पाच वर्षं चालू होतं. माझा नंबर यायचा होता आणि माझे हात थरथरत होते, त्यांनी काही विचारलं नाही, पिशवीतून शेंगाची चटणी लावलेली अर्धी भाकरी काढली आणि हातात दिली. "खा आधी. पोट रिकामं आसलं की लय भ्या वाटतं." भीती काही गेली नाही. पण भाकरी खाल्ली.

मावशींच्या भागाचं थोडं सांगायला पाहिजे. बार्शीला १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी होते, आपल्या देशातली गावाकडची ती पहिली. आणि १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी बाहेरच्या देशातल्या संशोधकांबरोबर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी गावोगाव तपासणीचं प्रचंड काम केलं, अभ्यासात १ लाख ३१ हजारांवर बायका होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले, ज्या गटात एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची) तपासणी झाली तिथं मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी. मावशींची नणंद पलीकडच्या जिल्ह्यातच दिलेली, तिची तपासणी झालेली. त्यामुळं "तपासणी" शब्दाला मावशी बिचकत नाहीत. छातीत गाठ लागली तेव्हा त्यांनी महिन्याच्या आत दाखवली. त्यांच्याच गल्लीतल्या एकीनं दीड वर्ष पदराखाली झाकून ठेवली होती.

मग आमची ओळख वाढत गेली, तारखा जुळवून घ्यायला लागलो, आणखी दोघं आले. ग्रुपला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. व्हॉट्सॲप आहे आणि एकमेकांच्या तारखा पाठ आहेत.

(दृश्य: काका अंगठा गळ्याशी नेऊन बोलतायत)

हे काका. जळगावकडचे. हा आवाज ऐकताय ना, तो मशीनचा नाही. काकांचं स्वरयंत्र काढलंय, श्वास गळ्यावरच्या भोकातून चालतो. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह बसवलाय, भोकावर अंगठा ठेवला की छातीतली हवा त्या व्हॉल्व्हमधून वर जाते आणि घशाच्या कडा थरथरून आवाज निघतो. हा व्हॉल्व्ह काही महिन्यांनी खराब होतो, त्याच्यावर बुरशी धरते, मग चहा पिताना चहा श्वासनळीत गळतो आणि ठसका लागतो. ठसका लागला की काका समजतात, चला, बदलायची वेळ आली. आंघोळ करताना भोकात पाणी जाता कामा नये, बाहेर पडताना गळ्यावर जाळीचा रुमाल, खिशात व्हॉल्व्ह साफ करायचा बारीक ब्रश, हे सगळं त्यांना आधी ऑपरेशन झालेल्या एका माणसानं शिकवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं हो, पण डॉक्टरांच्या गळ्याला भोक नसतं ना.

आता ते काम काका करतात. ऑपरेशन ठरलेला माणूस वॉर्डात बसलेला असतो, पाटीवर लिहायची सवय करत असतो, बायको कोपऱ्यात रडत असते, की हा आता मुका होणार. काका त्याच्यासमोर जाऊन बसतात, अंगठा लावतात आणि म्हणतात, "राम राम दादा." एवढंच. त्या बायकोचा चेहरा मी पाहिलाय. कॅमेरा नव्हता तेव्हा सोबत, आणि असता तरी मी लावला नसता.

आमच्यातला सगळ्यात लहान चोवीस वर्षांचा आहे. सहा वर्षांचा असताना ब्लड कॅन्सर झाला होता. त्याला वाटायचं आपण पूर्ण बरे झालो, मग आता कशाला जायचं. पण लहानपणी ते लाल किमो दिलेलं असतं ना, त्याचा हृदयावर पुढं कित्येक वर्षांनी परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळानं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. लहानपणी बरे झालेल्यांसाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीबरोबर काम करणारा 'उगम' हा अशा मुलांचा ग्रुप २००९ पासून आहे. तिथं जायला लागल्यावर त्यानं मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत खरं सांगायचं ठरवलं. दोन स्थळं गेली. तिसऱ्या मुलीनं फक्त विचारलं, इको कधी आहे, मी येऊ का.

तोच आम्हाला रेल्वेचे फॉर्म भरून देतो. पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट, फक्त हॉस्पिटलच्या सहीचा दाखला पाहिजे, आणि हे कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं, उसनेपासने करून तिकीट काढतात. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात आपल्याला बसायची परवानगी आहे. पण केस परत आलेले, साडी नीट नेसलेली, की लोक अंगावर येतात, "तुम्हाला काय झालंय? उतरा." मला एकदा भर गर्दीत ब्लाऊज बाजूला करून दाखवावं की काय असं वाटलं होतं. त्या दिवसापासून जमेल तसं आम्ही दोघं-दोघं जातो.

आता रिपोर्टचं. आमच्यात नियम एकच, रिपोर्ट एकट्यानं उघडायचा नाही. हल्ली पीडीएफ मोबाईलवर येते, कधीही येते, रात्री साडेदहाला येते. माझी सोनोग्राफी अशीच आली. इंग्रजीत लिहिलेलं, लिव्हर "अनरिमार्केबल". नवऱ्यानं वाचलं, मी वाचलं, आम्हाला वाटलं लिव्हर कामातून गेलं. रात्रभर दोघं स्वयंपाकघरात बसून होतो, पोराला कळू नये म्हणून दिवा बंद करून. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, अहो ताई, अनरिमार्केबल म्हणजे काहीही सापडलं नाही, एकदम नॉर्मल. ती रात्र मात्र कुणी परत देत नाही. म्हणून नियम. पीडीएफ आली की ग्रुपवर फक्त "आला" लिहायचं, कुणीतरी फोन करतं, आणि उघडायचा तो डॉक्टरसमोर, नाहीतर निदान कुणीतरी शेजारी असताना.

आणखी एक, अगदी मनापासून सांगते. भीती घालवायची म्हणून स्वतःच्या मनानं "फुल बॉडी स्कॅन" करत फिरू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्रास काही नसेल तर दरवेळी पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठं पसरलाय का ते बघायचा स्कॅन) लागत नाही, वर्षाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी पुरते. पण काही नवीन दुखत असेल, दोन-तीन आठवडे झाले आणि थांबत नसेल, तर मात्र तारखेची वाट बघायची नाही.

(दृश्य: न्यूक्लियर मेडिसिन विभागाबाहेरच्या खुर्च्या)

मावशींची पाठ दुखत होती. ज्वारी काढायचे दिवस, पाठ दुखणारच, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फोनवर उठता बसता "आई गं" ऐकून आमच्या ग्रुपमधल्या त्या पोरानं पकडलं, मागं लागला, आणि डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहिला.

सहा तास उपाशी. बोटातून शुगर बघतात. सुई उजव्या हातात, कारण मावशींच्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सूज येते. मग किरणांचं साखरेसारखं औषध टोचतात आणि तासभर एका खोलीत गप्प बसवून ठेवतात. बोलायचं नाही, फिरायचं नाही, कारण जो स्नायू हलेल तो ती साखर ओढून घेतो आणि फोटोत उजळतो. सोबतच्याला आत जाता येत नाही. आम्ही चौघं एवढी तयारी करून आलेलो, आणि नेमक्या त्या तासाला मावशी एकट्या.

आत जायच्या आधी अंगावरचं धातूचं काढून ठेवायला सांगितलं. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं. त्यांनी ते माझ्या रुमालात ठेवलं, जोडवी निघता निघत नव्हती, मी साबण लावून काढली. काकांनी अंगठा लावून म्हटलं, "आम्ही इथंच हाय." मी रुमालाची गाठ धरून दोन तास बसले. हाताला घाम आला होता, सोडवली नाही.

रात्री मावशींनी लिहिलं, "आला". कुणी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर आम्ही दोघी.

मणक्यात होता. नंतर बायोप्सीतही तेच आलं.

डॉक्टरांनी नीट सांगितलं, आता हा मुळापासून जाईल असं नाही, पण ताब्यात ठेवता येतो, गोळ्या बदलू, दुखतंय तिथं थोडे शेक देऊ, हाडांसाठी इंजेक्शन, कितीतरी बायका अशा वर्षानुवर्षं चालतात. मावशींनी पहिलं विचारलं ते हे, की ज्वारी निम्मी राहिलीय, वाकता येईल का. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

आणि आता खरं सांगायचं तर ग्रुप दोन दिवस गप्प होता. मी पण. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मावशींसाठी वाईट वाटत होतंच, पण त्याच्याखाली दुसरं पण होतं, माझी गोळी तीच, माझी बाजू तीच, मग मी कधी? आणि मनात कुठंतरी, बरं झालं मी नाही. हे आल्यावर स्वतःची इतकी लाज वाटली की तोंडच दाखवू नये. नंतर पोरगा म्हणाला, ताई मला पण आलं होतं ते. प्रत्येकालाच येतं म्हणे. कुणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळं लोक त्या माणसाकडं जायचं टाळतात, नेमकं तेव्हाच. कॅन्सर परत आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त हेच भोगावं लागतं, आपल्यासारखीच माणसं आपल्याला बघून घाबरतात.

तिसऱ्या दिवशी काकांचा व्हॉइस मेसेज आला. काका व्हॉइस मेसेज कधी पाठवत नाहीत, टाईप करतात, आवाज समजत नाही म्हणून. मधे श्वास घेत, अंगठा काढत-लावत बोललेले. "मावशी, शेकाला बरोबर कोण येतंय? मी येतो. धर्मशाळेत सांगून ठेवलंय, खोली मिळंल."

मावशींनी उत्तर दिलं, "बाजरीचं पीठ आणू का तांदळाचं?"

(दृश्य: धर्मशाळेची खोली, स्टोव्ह, परात)

शेक झाले. पाठ आता बरीच कमी दुखते. ज्वारी दिरांनी काढली. नवीन गोळीनं तोंड येतं, म्हणून आम्ही बिनतिखटाची चटणी शोधतोय, अजून जमली नाहीय.

हाडांच्या इंजेक्शनची पुढची तारीख मंगळवारची आहे. थर्ड एसी फुल, स्लीपरचं खालचं बर्थ मिळालंय. स्टेशनवर पोरगा जाणार, इंजेक्शनला मी बसणार, आणि काकांचा व्हॉल्व्ह त्याच दिवशी बदलायचाय म्हणून दुपारी मावशी काकांबरोबर बसतील.