मीटर का चढला खांबावर?

(दृश्य : अरुंद गल्ली. काँक्रीटचे खांब. कॅमेरा खालून वर सरकतो आणि मीटरच्या पेट्यांवर थांबतो.)

बल्गेरियाच्या नैर्ऋत्य भागात दुपनित्सा नावाचं शहर आहे. तिथली गिझ्दोवा महाला ही वस्ती प्रामुख्याने रोमांची, म्हणजे युरोपभर विखुरलेल्या एका अल्पसंख्य समाजाची. या वस्तीत विजेचा मीटर बघायचा तर मान मोडेपर्यंत वर बघावं लागायचं. वीज कंपनीने इथले मीटर काँक्रीटच्या खांबांवर, जमिनीपासून सहा-सात मीटर उंच बसवले होते. दुमजली घराच्या छपराएवढे. बाकीच्या भागांत तेच मीटर घरात, दर्शनी भिंतीवर नाहीतर कुंपणाला, फार तर 1.70 मीटर उंचीवर होते. येता-जाता आकडा दिसेल असे.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. या वस्तीत लोक आकडे टाकतात, मीटरमध्ये फेरफार करतात, म्हणून मीटर हाताला लागणार नाहीत असे बसवले. पण आकडा कोणी टाकला, किती जणांनी टाकला, कोणावर कारवाई झाली, हा प्रश्नच कोणी विचारात घेतला नाही. मीटर सगळ्या वस्तीचे वर गेले. आयुष्यात एकही बिल न थकवलेल्या म्हातारीचाही गेला.

याविरुद्ध तक्रार केली ती वस्तीत किराणा दुकान चालवणाऱ्या एका बाईने. 2008 साली. बिल जास्त येतंय असं तिला वाटत होतं, आणि मीटर वाचता येत नसल्यामुळे खातरजमा करायची सोय नव्हती. ही बाई स्वतः रोमा नव्हती. तिचा गुन्हा एवढाच, की तिचं दुकान रोमांच्या वस्तीत होतं.

(दृश्य : लक्झेंबर्ग. युरोपीय संघाच्या न्यायालयाची इमारत.)

प्रकरण बल्गेरियाची राजधानी सोफिया इथल्या न्यायालयातून लक्झेंबर्गच्या युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. 16 जुलै 2015 रोजी निकाल आला. सोफियाच्या न्यायालयाने पुढे काय तपासायचं, ते या निकालाने आखून दिलं. अशी वागणूक वांशिक भेदभावात मोडू शकते, आणि रोमांविरुद्धच्या अशा वागणुकीमुळे जिला तोच त्रास सोसावा लागतो अशी रोमा नसलेली व्यक्तीही दाद मागू शकते, असं न्यायालयाने सांगितलं. चोरी रोखायची तर दुसरे, कमी अपमानास्पद मार्ग होते का, हे पाहा. आणि ज्यांनी कधी काही केलं नाही अशा रहिवाशांनाही ही पद्धत कलंक लावते, हेही लक्षात घ्या.

मीटरपासून सुरुवात करण्याचं कारण एवढंच, की रोमांवरचा अन्याय नेमका कसा चालतो ते इथे नागडं दिसतं. आरोप एखाद्यावर, शिक्षा अख्ख्या वस्तीला. आणि युरोपीय नागरिकत्वाचा पायाच याच्या उलट आहे. प्रत्येक माणूस स्वतंत्र मोजायचा, त्याने जे केलं असेल त्याचाच जाब त्याला विचारायचा. रोमांचा सगळा लढा या एका गोष्टीसाठी आहे, असं मला वाटतं.

(दृश्य : युरोपचा नकाशा. निळ्या-हिरव्या पट्ट्यांचा, मध्ये लाल चाक असलेला झेंडा.)

युरोपात रोमांची संख्या अंदाजे एक कोटी ते एक कोटी वीस लाख. त्यांतले साठ लाखांच्या आसपास युरोपीय संघाच्या देशांत राहतात. फिनलंडच्या लोकसंख्येहून जास्त. पण त्यांचा स्वतःचा देश नाही, आणि बहुतेकांना तो नकोही आहे. ते रुमानियाचे, स्लोव्हाकियाचे, स्पेनचे नागरिक आहेत. 1971 च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ ऑर्पिंग्टन इथे त्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे झेंडा आणि गीत ठरलं. 8 एप्रिल हा दिवस म्हणूनच जगभर रोमा दिन म्हणून पाळला जातो.

आपल्याकडे रोमांचा विषय निघाला की चर्चा लगेच एका ठिकाणी जाऊन बसते : ते मूळचे आपलेच. ते खरं आहे. त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली, आणि त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले यावर अभ्यासकांचं एकमत आहे. 2016 च्या फेब्रुवारीत दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली, तेव्हा त्यांना परदेशस्थ भारतीयांत गणावं असा सूरही निघाला. भावना चांगली आहे. पण स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या चौकात उभं राहून "तुमच्या देशात चालते व्हा" असं ओरडणाऱ्यालाही हेच सिद्ध करायचं असतं, की हे इथले नाहीत. सहाशे-सातशे वर्षं जिथे घाम गाळला, जिथे पिढ्या पुरल्या, ती भूमी त्यांची. आपल्या जिव्हाळ्याने त्यांच्या त्या हक्काला धक्का लागता कामा नये.

आणि घाम गाळला तोही गुलाम म्हणून. आजच्या रुमानियातल्या मोल्डाव्हिया आणि वालाकिया या संस्थानांत रोमा हे मठांचे, सरदारांचे आणि राज्याचे गुलाम होते. विकले जात, आंदण दिले जात. ही प्रथा कायद्याने संपली ती 1855 आणि 1856 साली.

(दृश्य : बिर्केनाऊ. काटेरी तार, गवत.)

नाझी राजवटीत रोमा आणि त्यांचीच जर्मनीतली शाखा असलेले सिंती यांना ज्यूंसारखंच वंशाच्या नावावर मारलं गेलं. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाऊमधल्या त्यांच्या छावणीत उरलेले चार हजारांहून अधिक लोक गॅस चेंबरमध्ये नेले. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त होते. युद्धानंतर वाचलेल्यांनी भरपाई मागितली, तर पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1956 साली निकाल दिला, की 1943 पर्यंतची कारवाई वांशिक नव्हतीच. या लोकांच्या समाजविघातक वृत्तीमुळे ती झाली. ज्यांच्या आईबापांची राख झाली त्यांना सांगितलं गेलं, की दोष तुमच्या जमातीच्या स्वभावात होता. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता हे अधिकृतपणे मान्य केलं ते 1982 मध्ये. तोवर दाद मागणारे कित्येक जण मरून गेले होते.

(दृश्य : ओस्त्रावा. कोळशाच्या जुन्या खाणींचे मनोरे, मग शाळेचा कॉरिडॉर, खुंट्यांवर दप्तरं.)

आता चेक प्रजासत्ताकातलं ओस्त्रावा. कोळसा आणि पोलाद यांचं शहर. तिथे गेल्या शतकाच्या शेवटी दोन प्रकारच्या प्राथमिक शाळा होत्या. एक नेहमीची, आणि दुसरी "विशेष" शाळा, बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी. मूल कुठे जाणार हे मानसशास्त्रीय चाचणीवर ठरायचं. मुख्याध्यापक निर्णय द्यायचे, आईबापांची संमतीची सही घ्यायचे.

न्यायालयासमोर मांडलेले आकडे असे. ओस्त्रावातल्या प्राथमिक शाळांत शिकणाऱ्या मुलांत रोमा मुलं जेमतेम 2.26 टक्के. विशेष शाळांत मात्र 56 टक्के. रोमा नसलेल्या शंभर मुलांतली दोनही विशेष शाळेत जात नव्हती. रोमांची मात्र निम्मी जात होती. हिशेब केला तर रोमा मुलाला मतिमंदांच्या शाळेत टाकलं जाण्याची शक्यता इतर मुलाच्या 27 पट. एखाद्या समाजातली निम्मी लेकरं जन्मतः मंदबुद्धीची असतात, यावर विश्वास ठेवायचा तर डोकं बाजूला काढून ठेवावं लागेल.

चाचणी चेक भाषेत, चेक घरांतल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली. घरी रोमानी बोलणारं, बालवाडीचं तोंडही न पाहिलेलं सहा वर्षांचं पोर त्या खोलीत गांगरून जाणारच. एकदा विशेष शाळेत गेलं की अभ्यासक्रम पातळ, परत येण्याचा रस्ता जवळजवळ बंद, आणि पुढे फार तर एखादा कारागिरीचा कोर्स.

अठरा रोमा मुलांनी दाद मागितली. बुडापेस्टच्या युरोपियन रोमा राइट्स सेंटर या संस्थेने त्यांना साथ दिली. चेक घटना न्यायालयाने 1999 साली त्यांना परत पाठवलं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही (हे लक्झेंबर्गच्या न्यायालयाहून वेगळं) 2006 साली ते आधी हरले. शेवटी 13 नोव्हेंबर 2007 रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला : हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. कोणाच्या मनात द्वेष होता हे सिद्ध करायची गरज नाही, आकडेच बोलतात.

या निकालातला एक भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सरकार म्हणत होतं, पालकांनी स्वतः सही केली. न्यायालयाने विचारलं, कशावर? काय पर्याय आहेत, विशेष शाळा म्हणजे पुढे काय, हे कोणी त्यांना समजावून सांगितलं होतं? पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसाच्या सहीला समजून-उमजून दिलेली संमती म्हणता येत नाही. आणि वांशिक भेदभावापासून संरक्षण हा असा हक्क आहे, जो सही करून सोडताच येत नाही.

प्रत्येकाला चार हजार युरो भरपाई मिळाली. प्राथमिक शाळेचं वय मात्र सगळ्यांचंच उलटून गेलं होतं.

(दृश्य : इस्पितळाचा लांब पॅसेज.)

स्लोव्हाकियातल्या प्रेशोव्हमध्ये 2000 साली एका रोमा बाईचं बाळंतपण चाललं होतं. कळा सुरू असताना, पडल्या पडल्या तिच्यापुढे कागद सरकवला गेला. सिझेरियनबरोबरच तिची नसबंदी करण्यात आली. तिच्या केसपेपरवर आजाराच्या नोंदींसोबत आणखी एक नोंद होती : रुग्ण रोमा वंशाची आहे. स्ट्रासबर्ग न्यायालयाने 2011 साली ही अमानुष वागणूक ठरवली. शेजारच्या चेक प्रजासत्ताकात अशा नसबंदीला बळी पडलेल्या बायकांना तीन लाख क्राऊन भरपाई देणारा कायदा झाला तो 2021 मध्ये. त्यासाठी या बायकांनी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवले होते.

(दृश्य : फ्रान्स. पत्र्याच्या आणि लाकडी झोपड्या, त्यापुढे उभा बुलडोझर.)

2007 च्या पहिल्या तारखेला रुमानिया आणि बल्गेरिया युरोपीय संघात आले. त्यामुळे तिथले रोमाही युरोपीय नागरिक झाले. या नागरिकत्वात काय मिळतं? संघाच्या कोणत्याही देशात नुसत्या ओळखपत्रावर जाता येतं, तीन महिने राहता येतं. त्यापुढे राहायचं तर काम हवं, नाहीतर स्वतःपुरते पैसे आणि आरोग्यविमा. सुव्यवस्थेच्या कारणावरून बाहेर काढायचं, तर त्या माणसाच्या स्वतःच्या वागण्यामुळे खरा आणि गंभीर धोका असला पाहिजे. हुकूम लेखी हवा, दाद मागायची सोय हवी.

2010 च्या जुलैमध्ये मध्य फ्रान्समधल्या सेंट-एन्यां गावात पोलिसाच्या गोळीने एक तरुण मेला आणि तिथे दंगल झाली. मेलेला तरुण फिरस्त्या समाजातला, पण फ्रेंच नागरिक. राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या सरकारने त्यानंतर मोहीम उघडली ती रुमानिया-बल्गेरियातून आलेल्या रोमांच्या झोपड्यांवर, ज्यांचा या घटनेशी काडीचा संबंध नव्हता. 5 ऑगस्टच्या सरकारी परिपत्रकात लिहिलं होतं : तीन महिन्यांत तीनशे बेकायदा वस्त्या हटवा, त्यांतही रोमांच्या वस्त्या सगळ्यांत पहिल्या. एका वंशाचं नाव लिहून काढलेला हा आदेश पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रांत आला, आणि सरकारला तो मागे घेऊन नवा काढावा लागला.

मोठ्या माणसाला तीनशे युरो, मुलाला शंभर, आणि बुखारेस्टचं विमान. याला "स्वेच्छेने परतणं" म्हटलं गेलं. डोक्यावरचं छप्पर बुलडोझरखाली गेल्यावर हातात तीनशे युरो घेणाऱ्याची इच्छा ती कसली! गेलेल्यांतले बरेच जण परत आले, आणि तो त्यांचा हक्कच होता.

संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या न्यायविषयक आयुक्त विव्हियान रेडिंग यांनी 14 सप्टेंबरला पॅरिसला खडसावलं. वंशावरून माणसं बाहेर काढणं दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपाला पुन्हा बघावं लागेल असं वाटलं नव्हतं, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते. त्यावरून गहजब झाला. पुढे फ्रान्सने कायदा सुधारण्याचं आश्वासन दिलं आणि आयोगाने कारवाई थांबवली. भेदभाव झाला की नाही, या प्रश्नावर युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे सुनावणी झालीच नाही. आयोगाने तेव्हा कच खाल्ली असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : पूर्व स्लोव्हाकिया. गावाबाहेरची वस्ती, सार्वजनिक नळावर बादल्यांची रांग. मग शाळेचा वर्ग.)

युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2021 साली पाहणी केली. दहा रोमांपैकी आठ जण गरिबीच्या छायेत होते. संघाची सर्वसाधारण सरासरी 17 टक्के. कायदे नाहीत म्हणून ही वेळ आली असं कोणी म्हणू नये. 2000 सालापासून वांशिक समतेचा निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधील असलेला संघाचा कायदा, लागू आहे. शाळा, दवाखाना, घर, नोकरी, दुकान, सगळं त्यात येतं. त्याचा भंग केल्याबद्दल आयोगाने रोमा मुलांच्या शिक्षणावरून 2014 साली चेक प्रजासत्ताकावर, 2015 साली स्लोव्हाकियावर आणि 2016 साली हंगेरीवर कारवाई सुरू केली. त्यानंतर स्लोव्हाकियाला न्यायालयात खेचण्याचा निर्णय व्हायला एप्रिल 2023 उजाडला.

या निर्देशातलं एक कलम प्रत्येक रोमा आईला तोंडपाठ असायला हवं. भेदभाव झाल्याचं सकृद्दर्शनी दाखवलं, की पुढचं ओझं समोरच्यावर जातं. म्हणजे एखाद्या गावातल्या शाळेत एका वर्गात सगळी रोमा मुलं आणि दुसऱ्यात एकही नाही, एवढं दाखवता आलं तरी बाजू उभी राहते. मुख्याध्यापकांच्या मनात काय होतं हे आईने शोधत बसायचं नाही. ही वाटणी वंशावरून केली नाही, हे शाळेने पुराव्यासह सांगायचं. प्रत्येक सदस्य देशात अशी तक्रार घेऊन जाण्यासाठी समता संस्था असलीच पाहिजे, हेही त्याच निर्देशाने घालून दिलं. दुपनित्साच्या दुकानदारीण बाईने दार ठोठावलं ते बल्गेरियाच्या अशाच संस्थेचं.