वाळूसाठी टायर निवडताना आधी साइडवॉल बघा

मंडळी, टायरच्या दुकानात गेलं की नजर आधी नक्षीवर जाते. खोल खाचा, मोठाले ठोकळे, काठावरचे दाते. चिखलासाठी तसं बघणं योग्यच आहे. पण वाळूत चालवायला टायर घ्यायचा असेल तर आधी त्याची बाजू, म्हणजे साइडवॉल बघा. ती किती उंच आहे, किती लवचीक आहे आणि हवा कमी केल्यावर कितपत दबेल, यावर बाकीचं सगळं अवलंबून असतं.

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. चाकाचा दाब जास्त झाला की ते बाजूला सरकतात, चाक खाली जातं आणि त्याच्यापुढे वाळूचा बांध तयार होतो. मग इंजिनाची ताकद तो बांध ढकलण्यातच संपते. म्हणून दाब कमी करायचा, म्हणजे वजन जास्त जागेवर पसरायचं.

हिशोब करून बघू. सामानासकट गाडी 2400 किलोची आहे आणि वजन चारही चाकांवर सारखं आहे असं धरा. एका चाकावर 600 किलो आले. टायरमध्ये 35 पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला 35 पौंड दाब) हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.46 किलोचा दाब पडतो, म्हणजे टायर सुमारे 244 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा 15 पीएसआयवर आणली की तीच जागा 570 चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. साइडवॉलचा ताठपणा थोडा भार स्वतः उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे पुढेमागे होतात, पण अंदाज यायला एवढं पुरे.

ही वाढलेली जागा कुठून येते, हे नीट लक्षात घ्या. हवा काढल्यावर टायर रुंदीला थोडासाच वाढतो, लांबीला भरपूर वाढतो. टेकलेला भाग लांबट झाला की त्याचा पुढचा हिस्सा वाळू दाबतो आणि मागचा हिस्सा त्या दाबलेल्या वाळूवरून जातो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. रुंद टायरला मात्र समोर तेवढाच रुंद बांध ढकलावा लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रुंदी वाढवण्यापेक्षा उंची वाढवा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि वाळवंटाचे संशोधक राल्फ बॅग्नॉल्ड यांनी 1929 आणि 1930 साली फोर्डच्या मॉडेल ए गाड्या लिबियन वाळवंटात नेल्या, तेव्हा त्या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नव्हता. टायरमधली हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या घालणं, यावर त्यांची भिस्त होती.

आता साइज. 265/70 आर 16 या आकड्यात 265 मिलिमीटर ही रुंदी. साइडवॉल तिच्या 70 टक्के, म्हणजे 185.5 मिलिमीटर. रिम 16 इंची. असे टायर असलेल्या गाडीच्या वरच्या मॉडेलला बऱ्याचदा 265/60 आर 18 दिलेले असतात. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, 777 आणि 775 मिलिमीटर. पण दुसऱ्याची साइडवॉल फक्त 159 मिलिमीटर आहे. हवा काढल्यावर दबायला साडेसव्वीस मिलिमीटर जागा कमी, आणि दगडावर आपटल्यावर रिम वाकायची शक्यता जास्त. त्यामुळे टायर महागडे घेण्याआधी लहान रिम बसते का, ते तपासा. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला दाबणारा चिमटा, आडवा येत असेल तर तो बेत सोडावा लागतो. रिम पूर्ण फिरवून कॅलिपरपासून मोकळी जागा किती उरते, ते प्रत्यक्ष बसवूनच बघा, कागदावरच्या मापावर जाऊ नका.

साइडवॉलचा जाडपणा ही पुढची बाब, आणि इथे खूप जण जास्तीच्या मजबुतीच्या मागे लागतात. टायरची मजबुती लोड रेंजच्या अक्षराने आणि प्लायने, म्हणजे आतल्या थरांच्या हिशोबाने, सांगतात. लोड रेंज सी म्हणजे सहा प्लायच्या तोडीचा टायर, डी आठ, ई दहा. 265/70 आर 16 या एकाच मापात साध्या बांधणीचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, 112 असतो, म्हणजे 1120 किलो. एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या बांधणीत ई रेंजचा 121, म्हणजे 1450 किलो. आपल्या उदाहरणातल्या चाकावर 600 किलोच आहेत. दहा प्लायचा टायर एवढ्या वजनाखाली हवा काढूनही ताठच राहतो, आणि तोच पसारा मिळवायला अजून तीनचार पीएसआय खाली जावं लागतं. वाटेत धारदार दगड आणि काटेरी झुडपं असतील, किंवा गाडी खरोखर जड असेल, तर तो घ्यावा. निव्वळ वाळूसाठी हलका टायर बरा.

नक्षीबद्दल थोडक्यात. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचे ठोकळे चाक जागेवर फिरलं की वाळू उपसतात आणि बघता बघता गाडी एक्सलपर्यंत खाली जाते. ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनीवर चालणारा टायर, हा बहुतेकांसाठी योग्य पर्याय. निम्मा झिजलेला ऑल-टेरेन नव्या मड-टेरेनपेक्षा वाळूत सरस ठरतो. पॅडलवाले, म्हणजे वल्ह्यासारखी आडवी पाती असलेले टायर हलक्या, ताकदवान बग्गीसाठी असतात, रस्त्यावर त्यांचा उपयोग नाही.

टायर घेताना साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, आणि हवा काढून वाकवल्यावर तडे तिथेच जातात. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. व्यास वेगळा असेल तर फोर व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, नाहक ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

हवेचा क्रम असा: वाळू सुरू होण्याआधी 18 वर आणा, गाडी पुढे ओढायला जड जातेय असं वाटलं तर 15, अगदी पिठासारखी वाळू असेल तर 12. आपल्या गाडीचा आकडा वजनावर आणि टायरवर ठरतो, म्हणून दोनदोन पीएसआयने उतरत जा. 18 च्या खाली ताशी 40 किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. साइडवॉल सतत वाकून तापते आणि आतून फाटते. गेज कमी दाबावर अचूक दाखवणारं घ्या, शंभरापर्यंतच्या तबकडीवर 12 आणि 15 मधला फरक दिसत नाही. अजून एक, टायर तापलेला असताना दाब जास्त दिसतो. 60 अंश तापमानाला 15 ठेवलेला टायर रात्री 20 अंशांवर साडेअकराच्या आसपास येतो. सकाळी निघण्याआधी पुन्हा मोजा. डांबरी रस्ता लागला की आधी काँप्रेसर काढून हवा पुन्हा भरायची, मग पुढे जायचं.

हवा कमी असताना जोरात वळवलं की टायरचा बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी आतली कड, रिमवरून सुटतो. तसं झालं तर जॅकखाली रुंद फळी घाला, नाहीतर जॅकच वाळूत जाईल. बीड आणि रिममधली वाळू ब्रशने, पाण्याने पूर्ण काढा. चार कण राहिले तरी हवा झिरपत राहते. टायरच्या घेराभोवती रॅचेट पट्टा आवळा, व्हॉल्व्हची सुई काढून खिशात ठेवा म्हणजे हवा वेगाने आत जाईल, आणि भरा. बीड बसल्याचा ठॉक असा आवाज येतो. 40 पीएसआयपर्यंत बसला नाही तर थांबा, हवा सोडा, पुन्हा साफ करा. त्यापुढे दाब वाढवणं जीवावर बेतू शकतं.

समोरून प्रश्न आला आहे की मग बीडलॉक रिमच, म्हणजे बोल्टच्या कड्याने बीड पकडून ठेवणाऱ्या रिम, का घेऊ नयेत. सातआठ पीएसआयवर नेमाने चालवणाऱ्यांसाठी त्या चांगल्या आहेत. पण त्यांच्या कड्याचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर वरचेवर आवळावे लागतात, वजन वाढतं, आणि अनेक देशांत त्या सार्वजनिक रस्त्यावर चालत नाहीत. बारापर्यंतच उतरणार असाल आणि वळणं हळू घेणार असाल तर साध्या रिमवर काम भागतं. ते पैसे चांगल्या काँप्रेसरवर घाला.