आपल्या हातची सजावट

नमस्कार मंडळी, आज मला लग्नाच्या रिसेप्शनसाठी घरच्या घरी डेकोरेशन करण्याबद्दल बोलायचंय. माझा जीव अडकलेला विषय आहे हा, कारण ताईच्या रिसेप्शनची सगळी कागदी फुलं आम्ही घरात बसून केली आणि तेव्हापासून कुणी विचारलं की मी मदतीला जातेच.

पहिलं काम कागद आणायचं नाही हां, घड्याळ लावायचं. एक फूल पूर्ण करा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. समजा 12 मिनिटं लागली आणि तुम्हाला फुलं हवीत 150, तर झाले 30 तास, म्हणजे तिघींनी रोज संध्याकाळी दोन-दोन तास बसायचं तर पाच दिवस, त्यात चहा नाही, गप्पा नाहीत, काही नाही. हे गणित आधी केलं ना की मग आपोआपच आकडा खाली येतो, आणि तो आलेला चांगला. आम्ही हे केलं नव्हतं, आदल्या रात्री अडीच वाजेपर्यंत पाकळ्या कापत बसलो होतो आणि जिचं लग्न तीही आमच्याबरोबर जागी, हे मला अजून लागतं मनाला.

म्हणून माझं स्पष्ट मत, हॉलभर थोडं थोडं करू नका. एक जागा पकडा. जिथे दोघं उभी राहणार आणि सगळे फोटो निघणार ती मागची भिंत घ्या आणि सगळा जीव तिथे ओता. तीसुद्धा पूर्ण भरायची गरज नाही, वरचा एक कोपरा आणि त्याच्या तिरप्या समोरचा खालचा कोपरा दाट भरला, मध्ये मोकळं सोडलं तरी डोळ्याला ती भरलेलीच वाटते. आणि फुलं मोठी करा! हातात घेऊन बघताना सुंदर दिसणारं चार सेंटीमीटरचं फूल वीस फुटांवरून नुसता ठिपका दिसतं. नमुना भिंतीला लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, मोबाईलवर फोटो काढा आणि मग ठरवा.

आता क्रेप पेपरबद्दल जरा सविस्तर सांगते, सगळी मजा त्यातच आहे. या कागदाला बारीक सुरकुत्या असतात आणि तो त्या सुरकुत्यांच्या आडव्या दिशेनेच ताणला जातो. म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या देठापासून टोकाकडे उभ्या जायला हव्यात, मग दोन्ही अंगठे पाकळीच्या मधोमध ठेवून हळूच बाजूंना ताणलं की तिथे खोलगट वाटी तयार होते आणि कागदाची पाकळी एकदम खऱ्यासारखी दिसायला लागते. उलटी कापली तर काही केल्या वाटी होत नाही, आणि लोकांना वाटतं आपला हातच चांगला नाही. हात चांगलाच असतो हो, कागद फिरवा फक्त! हा कागद पाण्यापासून मात्र लांब ठेवा, थेंब पडला की रंग सुटतो आणि कपड्यांना लागतो.

टिश्यू पेपरचे गोळे सोपे आहेत, आठ-दहा कागद एकावर एक ठेवायचे, पंख्यासारख्या घड्या घालायच्या, मध्ये तार आवळायची, टोकं गोल कापायची आणि एकेक थर हलक्या हाताने वर ओढायचा. पण हे आधी उघडून ठेवू नका, घडी केलेले चपटे न्या आणि तिथे गेल्यावर उघडा, नाहीतर गाडीत चुरगळतात.

माळांसाठी दोरा लोक उगाच खूप जास्त कापतात. 3 मीटरच्या अंतरात मध्ये 40 सेंटीमीटर झोळ हवा असेल तर दोरा साधारण 3.15 मीटर लागतो, वर गाठींसाठी थोडा, बस.

ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो, त्यामुळे कार्यक्रम बाहेर असेल तर जड वस्तू तारेने बांधा. टेबलावरचं डेकोरेशन एकतर बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खाली ठेवा नाहीतर डोक्याच्या वर न्या, मधल्या उंचीचं असलं की समोरच्याशी बोलायला माना वाकड्या कराव्या लागतात. आणि कागदाजवळ मेणबत्ती अजिबात नको, कितीही छान दिसली तरी नको, बॅटरीवरचे एलईडी दिवे लावा.

भिंतीला काय चिकटवायची परवानगी आहे ते हॉलवाल्यांना आधी विचारून घ्या. शिडी कोण आणणार, लावायला किती तास आधी हॉल मिळणार आणि रात्री हे सगळं उतरवणार कोण, ही दोन नावं आणि ती वेळ आजच कागदावर लिहा. उतरवणाऱ्याच्या हातात एक मोठा खोका आणि कात्री द्या, कारण आमच्या वेळी ते कुणालाच सांगितलं नव्हतं आणि सकाळी आम्ही पोचेपर्यंत सगळी फुलं कचऱ्यात गेलेली, ताईला त्यातलं एकही ठेवता आलं नाही.